कोरडी थंडी, ओली थंडी

चार वर्षांपूर्वी बोन्सायच्या नादात मी जपानी काळ्या पाइनचं बी मागवलं. तीस दाणे. काळपट, गव्हाहून जरा लहान, एका अंगाला पंख तुटल्याची खूण. सोबतच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: पेरण्याआधी दोन महिने फ्रिजमध्ये ठेवा. मी पाकीट होतं तसं, सीलबंद, भाजीच्या ट्रेमागे सरकवलं आणि डिसेंबरात पेरलं. पुढचा दीड महिना आज एक, आठवड्यानं एक अशी रडतखडत पाच-सहा रोपं वर आली. शेवटी कंटाळून उरलेल्या मातीत मेथी टाकली.

नंतर कळलं की चिठ्ठी लिहिणाऱ्यानं एक शब्द गाळला होता: भिजवून.

त्या शब्दाचं वजन समजून घ्यायला घरचा फ्रिजच पुरे. वर फ्रीजरमध्ये उणे १८ अंश, खाली ३ ते ५ अंश. सूचिपर्णी झाडांचं बी सांभाळणाऱ्या मोठ्या भांडारांतही साधारण हेच दोन आकडे भेटतात. पाइन, स्प्रूस, डग्लस फर यांचं बी सुकवून, त्यातली ओल ५ ते १० टक्क्यांवर आणून फ्रीजरच्या थंडीत ठेवलं की दशकानुदशकं जिवंत राहतं. तेच बी पाण्यात भिजवून खालच्या कप्प्याच्या गारव्यात ठेवलं तर यातल्या बऱ्याच जाती तीन-चार आठवड्यांत उगवायला तयार होतात. थंडी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती बियाला झोपवून ठेवते, दुसरीकडे उठवते, आणि कुठे काय करायचं ते पाणी ठरवतं. मी माझ्या बियांना दोन महिने अगदी नीट साठवून ठेवलं होतं, एवढंच.

कोरड्या बियात नेमकं काय होतं? चिक्कीचा पाक आठवा. गरम असताना ओघळतो, थंड झाला की काचेसारखा कडक होतो, टिचकी मारली तर तुटतो. बी सुकत जातं तसा त्याच्या पेशींतला साखरयुक्त रस असाच घट्ट होत होत काचेच्या अवस्थेला पोचतो. त्यात रेणूंचं इकडून तिकडे जाणं जवळपास थांबतं. बिघाड फार हळू होतो, आणि प्रगती तर होतच नाही. पावसाळ्यात चिक्की सादळते, चिकट होते, तसं बियानं हवेतली ओल ओढली की ही काच मऊ पडते आणि आतले व्यवहार हळूहळू चालू होतात. उगवण्याइतकं पाणी नसतं, पण म्हातारं व्हायला ते पुरतं. उलट चांगलं भिजलेलं बी फ्रीजरमध्ये टाकलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. म्हणून आधी सुकवायचं, मगच गोठवायचं. हा क्रम उलटा चालत नाही.

बियाणं साठवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या नावानं ओळखला जाणारा: बियातली ओल एका टक्क्यानं कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी उतरवलं की आणखी दुप्पट. १२ टक्के ओल आणि ३० अंशांवर पडलेलं बी ८ टक्के आणि ५ अंशांवर नेलं, तर ओलीचे चार दुप्पट म्हणजे १६ पट आणि तापमानाचे पाच दुप्पट म्हणजे ३२ पट. गुणाकार ५१२. हा हिशेब मुळात पिकांच्या बियाण्यासाठी आहे आणि तोही एका मर्यादेतच लागू पडतो, तेव्हा ५१२ हा आकडा फार मनावर घेऊ नका. पण कणगी कोरडी का हवी, हे आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं त्याचंच हे गणित आहे.

आता उठवण्याकडे येऊ. मोड आणण्याची आपली कल्पना मटकीवर बेतलेली असते. रात्री भिजत घातली, सकाळी फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवली, संध्याकाळी मोड. पाणी आणि ऊब, बस्स. मटकी इतकी आज्ञाधारक आहे कारण ती हजारो वर्षं शेतकऱ्याच्या हाताखालून गेली आहे. पेरल्यावर जो दाणा महिनाभर झोपून राहिला, तो कापणीत आलाच नाही, पुढच्या वर्षीच्या बियाण्यात आलाच नाही. झोपाळूपण असं चाळता चाळता गेलं. तरीही मूठभर मटकीत एखादा गणंग दाणा सापडतोच, रात्रभर पाण्यात राहून खडा तो खडाच. रानटी पूर्वजांची ती उरलेली खोड आहे.

जंगलातल्या झाडाला मात्र ही खोड परवडते, किंबहुना तिच्याशिवाय परवडत नाही. जूनमधला पहिला दमदार पाऊस पाहून पेरणी केली आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडं गेलं तर काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुबार पेरणी. शेतकरी कर्ज काढून का होईना, पुन्हा बियाणं आणतो. देवदाराला ती सोय नाही. त्याच्या एका शंकूत बी पिकायला परागीकरणापासून वर्षभराहून जास्त काळ लागतो. ऑक्टोबरात गळलेलं बी चार उबदार, ओल्या दिवसांना भुलून उगवलं तर डिसेंबरच्या बर्फात कोंब मेलाच म्हणून समजा. म्हणून बियात अशी तजवीज हवी की नुसती ओल आणि ऊब मिळून भागणार नाही, मधे एक हिवाळा गेल्याची खूण पटली पाहिजे. त्यालाच बीजशास्त्रात सुप्तावस्था म्हणतात.

ही तजवीज प्रत्येक जातीत सारखी नसते, आणि ते पाहायला हिमालयाचा एखादा उतार चढत जाण्यासारखी दुसरी जागा नाही. (आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर पाहून उपयोग नाही. तिथल्या सुरूकडे बोट दाखवून 'हे पाइन' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण सुरू सपुष्प वनस्पतींतला आहे. त्याच्या सुया म्हणजे बारीक फांद्या आणि शंकू म्हणजे फळं.) हिमाचल-उत्तराखंडात खाली, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर चीड हा पाइन असतो. त्याचे शंकू एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघडतात, बी वाऱ्यावर भिरभिरत पडतं, महिना-दीड महिना तापल्या जमिनीवर थांबतं आणि मॉन्सून आला की उगवतं. चिडाला थंडीची शिदोरी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची अडचण हिवाळा ही नाही, पाणी ही आहे, आणि पाऊस आला की ती सुटते. स्वभावानं तो मटकीच्या जवळचा.

आणखी वर देवदार. त्याचा शंकू झाडावरच सुटतो, खवले आणि बिया एकेक करून खाली येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. लगेच बर्फ. मग बर्फ वितळताना, वसंतात उगवण. देवदाराची झोप हलकी आहे. न थंडवता पेरला तरी काही बिया येतात, पण पुढेमागे. दोन आठवड्यांचा ओला गारवा दिला की सगळ्या जवळपास एकदम येतात. त्याची खरी नाजूक बाजू वेगळी आहे: बी तेलकट असल्यानं नुसतं घरात ठेवलं तर लवकर निकामी होतं.

त्याहून वर तोष, म्हणजे हिमालयातला फर. फरच्या कुळातल्या बियांची झोप बरीच खोल असते आणि त्यातही दाण्यादाण्यात फरक असतो, रोपवाटिकावाल्यांची सगळी डोकेदुखी इथे. आणि या सगळ्यांच्या सावलीत थुनेर, हेही एक सूचिपर्णी झाड, ज्याच्या साली-पानांवर कर्करोगावरच्या पॅक्लिटॅक्सेल औषधासाठी धाड पडली. थुनेरच्या बियाला एक हिवाळा पुरत नाही. आधी काही महिने ओली ऊब, मग काही महिने ओला गारवा, तोही याच क्रमानं. शरदात पडलेलं बी पहिल्या वसंतात बहुधा हलतच नाही, उगवतं ते दुसऱ्या वसंतात किंवा त्याच्याही नंतर. पेरून सहा महिन्यांत वाफा उकरून 'बी खराब होतं' म्हणणाऱ्याला थुनेर कधी मिळत नाही.

झोप असते तरी कुठे? धारदार ब्लेडनं पाइनचं एक बी उभं चिरून पाहा, मी दोन बिया त्यासाठी खर्ची घातल्या. बाहेर टणक टरफल. त्याच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा तपकिरी, कागदी थर. आत पांढरा, तेलकट गर, खोबऱ्यासारखा. आणि त्या गराच्या मधोमध एका पोकळीत फिकट पिवळी काडी: गर्भ. एका टोकाला मूळ, दुसऱ्या टोकाला दलपत्रांचा झुपका. मटकीसारखी दोन दलं नाहीत, पाच-सात, कधी दहासुद्धा. उगवताना हा झुपका टरफल डोक्यावर टोपीसारखं घेऊन वर येतो. ती टोपी घाईनं ओढून काढू नये, दलं तुटतात. (तीही चूक करून झाली आहे.)

त्या पांढऱ्या गराची एक गंमत आहे. नारळाचं खोबरं किंवा गव्हातला मैदा हा साठा फलन झाल्यावर बनायला लागतो. सूचिपर्णींत हा गर एकट्या आईचा असतो, तो फलनाच्या आधीपासून घडत असतो. बाळ होण्याआधीच डबा भरायला घेतलेला. काही जातींत गर्भ अलगद सोडवून ओल्या कागदावर ठेवला तर तो थंडीबिंडी न मागता वाढायला लागतो. म्हणजे तिथे झोपेचं कुलूप गर्भात नसून त्याच्या भोवतीच्या थरांत आहे. ते थर मुळाला रेटा देऊ देत नाहीत, आणि त्यातली रसायनं 'थांब' म्हणत राहतात.

ही रसायनं मुख्यतः दोन. ॲब्सिसिक आम्ल थांबवतं, जिबरेलिन पुढे ढकलतं. जिबरेलिन आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही: नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागायतदार मणी लांबवायला घड ज्या 'जीए'त बुडवतात, ते तेच. ओल्या गारव्यात आठवड्यांमागून आठवडे गेले की ॲब्सिसिक आम्ल उतरत जातं आणि जिबरेलिनला बी जास्त दाद देऊ लागतं. पारडं एका रात्रीत फिरत नाही, कलत कलत जातं.

पण मग ५ अंशच का, २५ अंशांवर हे जास्त वेगानं व्हायला नको का? इथे बियात दोन वेगळी कामं चालू असतात. एक कुलूप काढण्याचं, दुसरं वाढण्याचं. वाढीला ऊब लागते, २ ते ५ अंशांवर ती जवळपास थांबलेली असते. कुलूप काढण्याचं काम मात्र नेमकं याच गारव्यात, ओल असेल तर, चालू राहतं. उबेत ठेवलेलं झोपाळू ओलं बी दोन्हीकडून अडकतं: कुलूप निघत नाही म्हणून वाढ नाही, आणि ओल-ऊब आहे म्हणून बुरशीची चंगळ. काही जातींत तर जास्त उबेत पडून राहिल्यानं झोप आणखी गाढ होते.

झोपलेलं बी म्हणजे अजिबात न उगवणारं बी, असंही नाही. ते फार चिकित्सक असतं इतकंच. इतकंच तापमान हवं, इतका उजेड हवा, नाहीतर नको. ओला गारवा मिळत जातो तशी ही चिकित्सा कमी होते. आधी जे फक्त चांगल्या उबेत उगवलं असतं ते आता १०-१२ अंशांवरही उगवायला राजी होतं, कमी उजेडात चालवून घेतं. डोंगरात याचा अर्थ असा की बर्फ वितळून जमीन गार आणि ओली असतानाच बी उगवतं आणि उन्हाळ्यात वरचा थर सुकण्याआधी त्याचं मूळ खाली गेलेलं असतं. प्रयोगशाळेत बियाणं तपासताना बऱ्याच जातींना दिवसा ८ तास ३० अंश आणि उजेड, उरलेले १६ तास २० अंश आणि अंधार देतात. पुण्यातला डिसेंबर यापेक्षा गारच, पण दिवस-रात्रीचा तो चढउतार मात्र फुकट मिळतो.

आता मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट. वाफसा हा शब्द शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही: माती ओली हवी, पण चिखल नको, ढेकळात पाणीही असावं आणि हवाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, फरच्या बियांवर काम करणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे शोधून काढलं ते माझ्या मते बियाचाच वाफसा आहे. फरला लांबलचक ओला गारवा लागतो. पण पूर्ण भिजलेलं बी इतके आठवडे ठेवलं की त्यातले हलक्या झोपेचे दाणे थंडीतच मोड काढतात, उरलेल्यांवर बुरशी चढते, आणि गाढ झोपलेले अजून घोरतच असतात. कमी ठेवावं तर गाढवाले उगवत नाहीत, जास्त ठेवावं तर हलकेवाले वाया जातात. डी. जी. डब्ल्यू. एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा असा: आधी पूर्ण भिजवून साधारण चार आठवडे गारव्यात, मग बाहेर काढून बी थोडं सुकवायचं, ओल सुमारे ४५ टक्क्यांवरून ३०-३५ टक्क्यांवर आणायची, आणि पुन्हा गारव्यात, आणखी दोन-तीन महिने.

हे चालतं कारण झोप मोडायला जेवढं पाणी लागतं ते मोड काढायला लागणाऱ्या पाण्यापेक्षा कमी असतं. त्या मधल्या पट्टीत बी उठतं पण उगवू शकत नाही. सगळे दाणे तयार होऊन एका रेषेत थांबतात. मग पेरताना शेवटचा पाण्याचा घोट दिला की बरोबर निघतात.

आणि हे करायला महागडं यंत्र लागत नाही, तराजू पुरतो. समजा, भांडारातून १०० ग्रॅम बी आलं, त्यात ओल ७ टक्के. म्हणजे खरं कोरडं बी ९३ ग्रॅम, ते काही बदलणार नाही. ४५ टक्के ओल म्हणजे एकूण वजनात ५५ टक्के कोरडा भाग, तेव्हा ९३ भागिले ०.५५, सुमारे १६९ ग्रॅम. भिजवून, निथळून बी एवढं भरलं की पोटभर पाणी प्यायलं. पुढे सुकवताना ३० टक्क्यांवर थांबायचं असेल तर ९३ भागिले ०.७०, म्हणजे १३३ ग्रॅम. जाळीवर पसरायचं, अधूनमधून हात फिरवायचा, वजन करत राहायचं, १३३ आलं की पिशवीत. नजरेनंही अंदाज येतो: भिजलेलं बी चकाकतं आणि बोटांना चिकटतं. वरची चकाकी गेली, दाणे हातातून सुटे पडू लागले, तरी टरफल गडदच आहे, की तिथे थांबावं. टरफल फिकं पडायला लागलं तर पुढे गेलात.

पाण्याच्या याच खेळातून आणखी एक नामी युक्ती निघाली, स्वीडनमधल्या उमेओ इथल्या मिलान सिमाक यांची. भात पेरण्याआधी आपल्याकडे बियाणं ३ टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात, पोचट वर तरंगतं, भरीव तळाशी जातं. पण बी भरीव असूनही मेलेलं असेल तर? सिमाक यांनी बी आधी भिजवलं, काही काळ दमट हवेत ठेवलं, मग थोडं सुकवलं. जिवंत दाणा प्यायलेलं पाणी धरून ठेवतो, मेलेल्याचं पाणी भराभर उडून जातं. मग सगळं पाण्यात ओतायचं. जिवंत बुडतात, मेलेले वर.

माझ्या दुसऱ्या खेपेला यातलं फारसं काही नव्हतं. चोवीस तास भिजवलं, एकदा पाणी बदललं, तरंगणारे चार-पाच दाणे बाजूला काढले. धुतलेली वाळू मुठीत दाबली तर पाणी टपकणार नाही पण मूठ उघडल्यावर गोळा टिकेल इतकी ओली केली, बी तिच्यात मिसळून झिपच्या पिशवीत घातलं, पिशवीत थोडी हवा राहू दिली, कारण भिजलेलं बी श्वास घेतं. पिशवीवर तारीख. दर आठवड्याला उघडून वास घ्यायचा, आंबूस आला तर धुवून काढायचं. चाळिसाव्या दिवशी वाळूत एक पांढरं टोक दिसलं, त्याच संध्याकाळी सगळं पेरलं. तीन आठवड्यांत कुंडीभर टोप्या.

जंगलात ही पिशवी म्हणजे बर्फ. बर्फाच्या जाड थराखाली जमीन शून्याच्या आसपास राहते, वर उणे १५ असलं तरी, आणि ओल कायम. बियाला हवी ती थंडी, हवी त्या ओलीसकट. २०२४च्या जानेवारीत काश्मिरात गुलमर्गचे उतार ऐन हंगामात उघडे, तपकिरी पडले होते, बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस. बातम्यांत स्कीइंगवाल्यांची आणि हॉटेलांची हळहळ होती. त्या उतारांच्या कडेला तोषाची रानं आहेत, आणि शरदात गळलेलं त्यांचं बी पाचोळ्यात पडलेलं असणार. थंडी त्या आठवड्यांतही कडाक्याची होती. पण पाचोळा जिथे खडखडीत सुकला तिथे बियाच्या हिशेबात ते आठवडे धरले गेले नसतील, माझ्या भाजीच्या ट्रेमागच्या पाकिटासारखे. त्याची मोजणी बर्फ पडला त्या रात्रीपासून.